पिवळी जेजुरी आणि फोटोखालची ओळ

आपल्या जिल्ह्यातल्या फोटोला जगात पहिला नंबर मिळाला तर खूश व्हायचं का? व्हायचं. पण फोटो नीट बघून व्हायचं.

विकी लव्हज मॉन्युमेंट्स नावाची एक फोटोस्पर्धा आहे. देवळं, किल्ले, मकबरे, जुन्या इमारती यांचे फोटो काढायचे आणि सप्टेंबर महिन्यात विकिमीडिया कॉमन्स नावाच्या इंटरनेटवरच्या भांडारात टाकायचे. २०१० साली ती नेदरलँडमध्ये सुरू झाली. २०१२ ला भारत तीत उतरला. त्या एका वर्षात जगभरातून साडेतीन लाखांहून जास्त फोटो आले आणि पहिला नंबर दिल्लीतल्या सफदरजंगच्या मकबऱ्याच्या फोटोला गेला. मोबाईलवर काढलेला फोटोही चालतो. फोटो मात्र स्वतः काढलेला पाहिजे आणि तो कुणीही वापरू शकेल अशा मोकळ्या परवान्यावर द्यावा लागतो. एवढ्यापुरती ही स्पर्धा बरी. दारात उभं करून कोण कुठला विचारत नाही.

२०१७ ला जगातला पहिला नंबर जेजुरीला आला. खंडोबाच्या देवळाचा फोटो. सगळं पिवळं. हवेत उधळलेला भंडारा, खाली माणसंच माणसं. डोळ्याला धरून ठेवतो, खोटं कशाला बोला. स्पर्धा इमारतींची, पण तो फोटो इमारतीमुळं जिंकलेला नाही, माणसांमुळं जिंकलेला आहे. माणसं काढून घ्या, मग उरतं एक दगडी देऊळ. तसली महाराष्ट्रात पोत्यानं आहेत.

आता प्रश्न असा की ती माणसं कोण?

फोटो सांगत नाही. भंडारा सगळ्यांना एका रंगात रंगवतो. त्या पिवळ्यात जात दिसत नाही, मालक दिसत नाही, मजूर दिसत नाही. लांबनं बघणाऱ्याला वाटणार, काय हा एकोपा! त्याच जेजुरीत पोरी देवाला सोडल्या जात. खंडोबाशी लग्न लावायचं, मुरळी करायची, मग ती देवाची म्हणजे सगळ्यांची. यात आपल्या महार-मांगांच्या घरातल्या पोरी किती गेल्या याचा हिशेब कुठल्या देवस्थानाच्या वहीत मिळायचा नाही. पुण्यातल्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढलं आणि त्यातून या चालीविरुद्ध रान उठवलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच आपल्या माणसानं जेजुरीचा दुसरा फोटो काढला होता, शब्दांत. त्याला बक्षीस नव्हतं.

मी फोटो काढणाऱ्याला शिव्या देत नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं चांगलं टिपलं. पण ही स्पर्धा फोटो तीन गोष्टींवर तपासते: तांत्रिक दर्जा, वेगळेपणा आणि विकिपीडियाला होणारा उपयोग. पहिल्या दोन्हींत हा फोटो पास, शंभरात शंभर. तिसरी गोष्ट फोटोच्या एकट्याच्या हातात नाही. ती फोटोखालच्या ओळीवर अवलंबून आहे. तिथं 'देवळात भाविकांची गर्दी' एवढंच लिहिलं तर मुरळी त्या गर्दीत कायमची बुडाली. मिलमधनं निघालेल्या मालावर मालकाचं नाव छापलेलं असतं, पाळीला मशिनीवर कोण उभा होता ते गठ्ठ्यावर कुठं लिहितात? तसंच हे.

दुसरी गोम यादीत आहे. स्पर्धेत काय चालणार ते यादी ठरवते, आणि भारतात या याद्या मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारनं संरक्षित केलेल्या स्मारकांवरून केल्या गेल्या. केंद्राचा १९५८ चा कायदा म्हणतो, प्राचीन स्मारक व्हायला वास्तू निदान १०० वर्षांची पाहिजे. वरून अगदी समान न्याय! पण ज्यांना गावकुसाबाहेर कुडाच्या भिंती आणि वर गवत एवढंच नशिबी होतं त्यांनी १०० वर्षं टिकणारं काय बांधायचं होतं? दुसऱ्याच्या वाड्याचे दगड वाहिले, ते टिकले. वाहणाऱ्याची झोपडी पहिल्या पावसात गेली.

पिंपरी-चिंचवडवरून लोणावळ्याची लोकल धरा. देहूरोडला उतरा. तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. आणि तारीख बघा, १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली तीच. या कायद्याच्या मापानं ही वास्तू 'प्राचीन' होणार २०५४ ला. तोवर आपण थांबायचं?

पुढं घोरावाडी स्टेशन. डोंगरात शेलारवाडीची लेणी. लोक घोरावडेश्वर म्हणतात, आत महादेव आहे. पण लेणी बौद्धांची, आणि तिथल्या जुन्या लेखात दान देणारी कोण, तर धेनुकाकट गावच्या एका नांगरकऱ्याची बायको, आपल्या मुलासह. राजा नाही, सरदार नाही. नांगर धरणाऱ्याच्या घरानं डोंगर कोरून घेतला आणि त्यावर नाव घातलं! बुद्धाच्या काठाला कष्टकऱ्याचं नाव दगडावर चढत होतं, हे त्या लेखात लिहिलेलं आहे. फोटो मात्र कमानीचा निघतो, धुक्याचा निघतो. लेखाचा फोटो किती जण काढतात?

तीच गत कोरेगाव भीमाच्या स्तंभाची. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा, १८२१ ला पाया घातलेला. कंपनी सरकारनं आपल्या विजयासाठी उभा केला हे खरं, पण त्यावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली, आणि त्यातली कितीतरी 'नाक' नं संपतात. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले ते त्या नावांसाठी. जेजुरीचा फोटो पहिला आला त्या स्पर्धेनंतरच्या पहिल्याच १ जानेवारीला, २०१८ ला, तिथं जाणाऱ्या आपल्या माणसांवर दगडफेक झाली. नुसत्या उंच खांबासाठी कुणी दगड मारत नाही. नावं झोंबतात. म्हणून लांबनं काढलेला देखणा खांब मला अर्धा वाटतो. जवळ जा. नावांची पाटी वाचता येईल असा फोटो काढा. तो जिंकणार नाही, पण उपयोगाचा तोच.

तर दोस्तहो, स्पर्धेवर रुसून बसू नका. कॉमन्सचं भांडार बारा महिने उघडं असतं, सप्टेंबरची वाट बघावी लागत नाही, आणि फोटोखालची ओळ मराठीत लिहिता येते. चाकणपासून देहूरोडपर्यंत प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे. सुट्टीच्या दिवशी चार जण निघा. विहार, लेख, पाटी, जुनी वस्ती, जे दिसेल ते टिपा. आणि खाली पूर्ण लिहा: कुणी बांधलं, कुणी दगड वाहिले, कुणाला आत घेतलं नाही, आणि कुठल्या तारखेला आपण आत गेलो.

ओळ आपण लिहिली नाही तर दुसरा लिहील. त्याची ओळ कशी असते ते आपण वाचलेलं आहे.