जुन्या खेळयंत्रातून ‘द डिसायपल’

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी बोलपटाला व्हेनिसच्या महोत्सवात २०२० साली उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि २०२१ च्या एप्रिलअखेर तो नेटफ्लिक्सवर आला. सौंसर-पांढुर्ण्याचा आमचा मुलूख मराठी बोलणारा, पण राज्य मध्य प्रदेश. चांगला मराठी बोलपट पाहायचा तर नागपूरची वाट धरावी लागते. हा मात्र आम्ही बोरगावी घरीच पाहिला, आणि तोही चिरंजीवांच्या जुन्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रातून! २००६ साली निघालेले हे यंत्र मुळात शर्यती आणि लढायांसाठी. परंतु इंटरनेटशी गाठ घातली की तेच तेव्हा निमूटपणे चित्रपटही आणून देत असे.

शरद नेरुळकर हा तरुण शास्त्रीय गायनाची साधना करतो, आणि आपल्याजवळ विद्या आहे पण प्रतिभा नाही, हे सत्य त्याला हळूहळू उमगत जाते. आदित्य मोडक यांनी ही व्यथा कोठेही आक्रोश न करता उभी केली आहे. मैफलींची दृश्ये दीर्घ आणि संथ आहेत. दूरदर्शनसंचाच्या किरट्या आवाजात तंबोऱ्याची जवारीच हरवली. निराळे ध्वनिवर्धक जोडले तेव्हा कोठे चित्रपटात जीव आला. हातात थांबवण्याची कळ असल्यामुळे रसभंगाचा मोहही झाला. हा दोष मात्र यंत्राचा नव्हे, आमचा.

रात्री निर्मनुष्य रस्त्यावरून शरद दुचाकीने जातो आणि कानात माईंची जुनी व्याख्याने ऐकतो. माईंनी आपले गाणे कधी मुद्रित होऊ दिले नाही. तरी कोणी टिपून ठेवलेल्या फितीमुळे त्यांचा शब्द शिष्यापर्यंत पोचला. येथे आमच्यातला वकील जागा झाला. फीत शरदच्या हाती होती. आमच्या हाती काय आहे?

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे ५२ वे कलम स्थावर मिळकतीपुरते असले, तरी त्यातला विवेक येथे लागू पडतो: परवान्याने मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही. व्ही या खेळयंत्रावरील नेटफ्लिक्स २०१९ च्या जानेवारीअखेर बंद झाले. सोनीने प्लेस्टेशनच्या दुकानातील चित्रपटविक्री ३१ ऑगस्ट २०२१ रोजी थांबवली. आमच्याही यंत्राला एका चित्रसेवेने असेच एके दिवशी दार लावले. यंत्र धडधाकट, वर्गणी भरलेली, आणि पडदा काळा!

देवळाच्या सभामंडपात हा बोलपट चार मंडळींना दाखवावा असे मनात आले, तर घरगुती वर्गणीचा परवाना तेथेही आडवा येतो. देवळाच्या कपाटातील जुन्या कीर्तनाची फीत मात्र आजही कोणीही मागावी आणि ऐकावी. तेव्हा रसिकांनी ‘द डिसायपल’ अवश्य पाहावा, आणि दार उघडे आहे तोवरच पाहावा. जे कायम राहावे असे वाटते, ते मात्र आपल्या कपाटात ठेवण्याची तजवीज आपणच करावी.