परीक्षक आहेत, वाचक कुठे? : ख्रिस्ती थिऑलॉजीतील डॉक्टरेटविषयी

मंडळी,

वाशिम-पुसद रस्त्यावरचे, शृंगऋषींच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव. इथे 'ख्रिस्ती थिऑलॉजीतील डॉक्टरेट' हा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. पण हा विषय इथून फार लांबचा नाही. तिकडे वाशिमला नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. इकडे पुसदवरून पुढे गेलात की यवतमाळ येते, आणि आज देशभर नाव असलेल्या एका सेमिनरीचा जन्म त्या यवतमाळात झाला. आपल्या भागात पाळकांची, मिशनच्या शाळांतल्या शिक्षकांची घरे आहेत. त्या घरांतली मुले-मुली विचारतात, बी.डी. झालो, आता डॉक्टरेट करावी का, कुठे करावी, तिचा उपयोग काय? आम्ही चर्चचे सभासद नाही. पण आमची उमेद तत्त्वज्ञानाचे प्रबंध लिहिण्यात, तपासण्यात आणि नापास करण्यातही गेली. त्या अनुभवावर बोलतो.

आधी शब्द साफ करू. धर्मशास्त्र म्हटले की मराठी माणसाला महामहोपाध्याय काणे आठवतात, म्हणून आम्ही इथे थिऑलॉजी हाच शब्द ठेवतो. तिच्यात डॉक्टरेट साधारण दोन वाटांनी होते. एक संशोधनाची, डी.टीएच. किंवा पीएच.डी. मूळ ग्रंथ, त्यांच्या भाषा, इतिहास, सिद्धान्त हे तिचे क्षेत्र. दुसरी डी.मिन., म्हणजे सेवाकार्यातली डॉक्टरेट. ही अमेरिकेत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. काही वर्षे मंडळी सांभाळलेल्या पाळकाने आपल्याच कामातला एक प्रश्न घ्यावा, त्यावर प्रकल्प करावा आणि तपासून लिहावे, अशी तिची रचना. पहिली वाट ग्रंथालयातून जाते, दुसरी मंडळीतून. हिला मोठी आणि तिला धाकटी म्हणण्याचे कारण नाही. एमडी झालेला डॉक्टर आणि प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ यांची कामे वेगळी असतात, तसेच हे.

आता प्रश्न असा की ही पदवी आपल्या विद्यापीठांत सहसा का मिळत नाही? युरोपात तर थिऑलॉजी ही विद्यापीठाची जुनी आणि मानाची शाखा. मार्टिन ल्यूथर १५१२ मध्ये विटेनबर्गला थिऑलॉजीचाच डॉक्टर झाला. पण १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठे उभी राहिली ती लंडनच्या धर्तीवर, आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने धर्मविषयक परीक्षा पदवीपासून दूर ठेवल्या होत्या. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. परिणाम मात्र असा झाला की थिऑलॉजी सेमिनरीच्या कुंपणात राहिली. अपवाद सेरामपूरचा. केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलेल्या त्या कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली, कारण ते गाव तेव्हा डॅनिश ताब्यात होते. त्या सनदेला १९१८ च्या कायद्याने आधार दिला आणि आज देशातल्या अनेक प्रोटेस्टंट सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेल्या आहेत. कॅथलिकांचे पुण्याचे ज्ञानदीप विद्यापीठ आहे, त्याच्या पदव्यांना रोमची मान्यता.

इथे एक धोक्याची सूचना. नावापुढे 'डॉ.' लावण्याची हौस इतकी वाढली आहे की काही संस्था पैसे घेऊन घरबसल्या डॉक्टरेट पाठवतात. गावच्या मंडळीने दशमांशातून जमवलेला पैसा अशा कागदावर जाऊ नये. प्रवेश घेण्याआधी चार गोष्टी विचारा. मान्यता कुणाची? ती चर्चची की सरकारी विद्यापीठाची? मार्गदर्शक कोण, आणि त्यांनी स्वतः काय लिहिले आहे? ग्रंथालय आहे का? यांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर तिथून परत फिरा.

पण आमची आजची टीका खोट्या पदव्यांवर नाही. त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे. आम्हाला बोलायचे आहे ते खऱ्या, कष्टाच्या, प्रामाणिक पदवीविषयी.

यवतमाळकडे बघा. फ्री मेथडिस्ट मिशनची तिथली शाळा सुरू झाली ती मराठी माध्यमात, इथल्या प्रचारकांना बायबल शिकवण्यासाठी. १९५३ मध्ये अनेक मिशनांनी मिळून तिचे युनियन बिब्लिकल सेमिनरी केले. देशभरातून विद्यार्थी येऊ लागले, शिक्षण इंग्रजीतून होऊ लागले. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला, बिबवेवाडीला गेली. योगायोग बघा, त्याच १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. एक विद्यापीठ वऱ्हाडाच्या दाराशी आले आणि एक विद्यालय वऱ्हाडातून गेले.

सेमिनरीने जाऊ नये होते असे आम्ही म्हणत नाही. नागालँडचा, केरळचा, वाशिमचा विद्यार्थी एका वर्गात बसायचा तर समान भाषा लागते. ग्रंथ इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, परदेशी परीक्षक इंग्रजीत. ही अडचण खरी आहे. पण तिची किंमत कुणी मोजली का? वाशिम जिल्ह्यातल्या मंडळीवर प्रबंध होतो. म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती मराठीत, खरे तर वऱ्हाडीत घेतल्या जातात. त्या इंग्रजीत जातात. मार्गदर्शक इंग्रजीत वाचतो, परीक्षक इंग्रजीत प्रश्न विचारतो, तोंडी परीक्षा होते, पदवी मिळते, प्रबंध कपाटात जातो. जिने मुलाखत दिली ती बाई आपल्याविषयी काय लिहिले हे कधी वाचत नाही, आणि चूक लिहिले असेल तर सांगू शकत नाही. म्हणजे प्रबंधाला परीक्षक मिळाले, वाचक मिळाला नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे, आणि ते तत्त्वज्ञानाच्या प्रबंधांनाही लागू आहे.

आता याच्या बरोबर उलट उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई. त्यांनी थिऑलॉजीची कुठलीच पदवी घेतली नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या त्या संस्कृतासाठी. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅमला असताना सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचा. तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला आहे. त्रैक्य, पंथांची मते, चर्चचा अधिकार यांवर ही पंचविशीतली बाई गुरुजनांना प्रश्न विचारते आणि पटल्याशिवाय 'हो' म्हणत नाही. तिने पुरुषांना शिकवावे की नाही यावर भारतातल्या बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हाही ती दबली नाही. आम्ही कितीतरी तोंडी परीक्षा घेतल्या. एवढ्या ताकदीने स्वतःची बाजू मांडणारे विद्यार्थी थोडेच भेटले.

मग केडगावचे मुक्ती मिशन. दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, त्यांचे जेवणखाण, शेती, शाळा. हे सगळे सांभाळत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर एकहाती हाती घेतले. १९२२ मध्ये मृत्यूच्या आधी काम संपले, १९२४ मध्ये ग्रंथ निघाला. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. रमाबाईंना संस्कृतप्रचुर मराठी जमत नव्हती असे कोण म्हणेल? अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी ती. तिने जाणूनबुजून साधी भाषा निवडली, कारण तिच्या डोळ्यापुढे वाचक ठरलेला होता: नुकतीच अक्षरे शिकलेली खेड्यातली बाई. थिऑलॉजी कुणासाठी, हा प्रश्न तिने असा सोडवला.

पण समीक्षकाने इथे थांबू नये. रमाबाईंचे बायबल चर्चमध्ये रुळले नाही. मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले. याला संस्थांचे राजकारण, छपाई, वितरण अशी कारणे आहेतच. पण आमच्या मते आणखी एक कारण आहे. हे काम फार एकट्याने झाले. शब्दाशब्दाला धरून राहण्याच्या हट्टापायी वाक्य कुठे अवघडते, कुठला शब्द भाविकाच्या जिभेवर बसत नाही, हे बरोबरीच्या नात्याने सांगणारे कुणी जवळ नव्हते. उलट केरींचे बघा. त्यांच्या मराठी कामात फोर्ट विल्यम कॉलेजातले मुख्य मराठी पंडित वैजनाथ शेजारी होते. त्यांच्या मराठीत दोष पुष्कळ, पण वाद घालायला माणूस होता. रमाबाईंना वाचक डोळ्यापुढे दिसत होता, परीक्षक नव्हता. आजच्या डॉक्टरेटला परीक्षक आहे, वाचक नाही. दोन्हीकडे अर्धेच आहे.

काही जण म्हणतील, सर, मग पदवी कशाला? विसाव्या शतकातला मोठा प्रोटेस्टंट विचारवंत कार्ल बार्ट, त्याने कुठे प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली होती? आपल्याकडे रेव्हरंड टिळकांना कुठली डॉक्टरेट होती? त्यांची पदे आजही 'उपासना संगीता'तून गायली जातात, आणि खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाला देवाविषयी जे कळले ते बरेचसे त्या पदांतून. अमरावती विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या गाडगेबाबांनी तर शाळाच पाहिली नाही. सगळे खरे. पण बार्ट, टिळक, रमाबाई रोज जन्माला येत नाहीत. सामान्य बुद्धीच्या, प्रामाणिक माणसाला शिस्त लागते आणि ती पदवी देते. मूळ भाषा शिका, दुसऱ्याने आधी काय म्हटले ते वाचा, आपले म्हणणे पुराव्याने मांडा. ही शिस्त सोडली तर व्यासपीठावर ज्याचा आवाज मोठा त्याची थिऑलॉजी खरी ठरते. असे झालेले तुम्ही पाहिले असेल.

आणखी एका कारणासाठी पदवी हवी. गोरे, टिळक, रमाबाई हे सगळे ब्राह्मण घरातून आलेले. आपल्या भागातल्या मंडळ्यांचे बहुसंख्य सभासद कुठून आले हे तुम्हाला माहीत आहे. १९८१ मध्ये बंगळूरला अरविंद निर्मल यांनी हाच मुद्दा काढला, की भारतीय ख्रिस्ती थिऑलॉजी वरच्या जातींच्या प्रश्नांभोवती फिरली, वेदान्ताशी बोलत राहिली आणि चर्चमध्ये बसलेल्या माणसाचे दुःख बाहेर राहिले. तिथून दलित थिऑलॉजी उभी राहिली. ती सेमिनरीच्या वर्गात उभी राहिली हे विसरू नका. म्हणजे संस्था, पदवी, ग्रंथालय यांचा उपयोग वंचितालाच जास्त असतो. पंडिताच्या घरी पोथ्या असतात. मजुराच्या पोराला त्या वाचायला सेमिनरीच गाठावी लागते.

म्हणून ज्या मुलामुलींना जायचे आहे त्यांना आम्ही 'जा' म्हणतो. चांगल्या संस्थेत जा, हिब्रू-ग्रीक शिका, इंग्रजी पक्के करा, मार्गदर्शकाशी भांडा. फक्त एक अट स्वतःला घालून घ्या, विद्यापीठ घालणार नाही. प्रबंधाचा एक मराठी गोषवारा लिहा, तीस-चाळीस पानांचा. ज्या मंडळीवर लिहिले त्या मंडळीत तो वाचून दाखवा, पदवी मिळाल्यावर नाही, प्रबंध सादर करण्याच्या आधी. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना विचारू द्या. 'असं नव्हतं बाई, तू उलटं लिहिलंस' असे एखादी आजी म्हणाली तर ते शेवटच्या प्रकरणात घाला. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, उत्तर आल्याशिवाय पुढे जात नसत. तीही तोंडी परीक्षाच. आणि सेमिनऱ्यांना आमची विनंती आहे, की असा गोषवारा त्यांनी नियमातच आणावा. त्याला खर्च नाही. एक मराठी जाणणारा परीक्षक नेमावा लागेल, एवढेच.

ख्रिस्ती मराठीत चर्चला 'मंडळी' म्हणतात. आम्ही भाषणाच्या सुरुवातीला तुम्हाला त्याच शब्दाने हाक मारतो. डॉक्टर या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ शिकवणारा असा आहे. ज्याला मंडळीसमोर उभे राहून मंडळीच्या भाषेत शिकवता येत नाही, त्याचा प्रबंध पास झाला तरी तो शब्द त्याला अजून पुरता लागू झालेला नाही, असे आमचे मत आहे. तुमचे वेगळे असेल तर आता प्रश्नोत्तरांत सांगा. वेळ आहे.