गुणांसाठी लिहिलेला ज्ञानकोश

आजचा विषय वरवर पाहिला तर अध्यापनाच्या तंत्राचा वाटेल. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना ट्युटोरियलऐवजी विकिपीडियावर लेख लिहायला सांगावा का? गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर अनेक प्राध्यापकांनी हा प्रयोग केला आहे. आपल्याकडेही होतो. त्याबद्दल बोलणारे साधारण दोन गटांत मोडतात. एक गट म्हणतो, वा, विद्यार्थी आता ज्ञाननिर्मिती करू लागला! दुसरा म्हणतो, पोरांच्या हाती कोश दिलात तर कोशाचं वाटोळं होईल. दोन्ही गट उत्तर आधी देतात. आपण विद्यार्थ्याला नेमकं काय करायला सांगतो आहोत, हे तपासायचं राहूनच जातं. ते आज तपासू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही कल्पना चांगली आहे. पण तिला गुणांची पद्धत जशीच्या तशी जोडली, की तिच्यात जे चांगलं आहे नेमकं तेच मरतं.

आधी चांगलं काय ते पाहू. आपल्या ट्युटोरियलचं आयुष्य किती असतं? विद्यार्थी लिहितो, प्राध्यापक चाळतो, दहापैकी सात देतो, आणि वर्षअखेरीस गठ्ठा रद्दीत जातो. त्या लेखनाला एकच वाचक असतो, आणि त्या वाचकाला विषय आधीपासून माहीत असतो. म्हणजे ज्याला माहीत आहे त्यालाच आपण सांगतो आहोत. कोशातल्या लेखाचं उलटं आहे. त्याचा वाचक माहीत नाही म्हणूनच तिथे आलेला असतो.

हा फरक किती मोठा ठरू शकतो, याचं एक उदाहरण कॅनडातलं आहे. 2008 साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लॅटिन अमेरिकन साहित्याच्या एका वर्गाला इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचं काम दिलं गेलं. ग्वातेमालाचे नोबेलविजेते लेखक मिगेल आंखेल आस्तुरियास यांच्या हुकूमशहावरच्या कादंबरीचा लेख त्यात होता. लक्ष्य असं ठेवलं होतं, की लेख त्या कोशाच्या सर्वोच्च दर्जाला पोहोचला पाहिजे. तो दर्जा प्राध्यापकाच्या हातात नसतो. अनोळखी संपादक लेख तपासतात आणि विचारतात, हे वाक्य कशाच्या आधारावर लिहिलंत? पान कुठलं? मग विद्यार्थ्याला ग्रंथालयात परत जावं लागतं, एकदा नव्हे, अनेकदा. त्या वर्गाचे तीन लेख सर्वोच्च दर्जाला पोहोचले. आपल्याकडे ट्युटोरियल एकदा दिलं की त्याचं तोंडही कोणी परत पाहत नाही. तिथे एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहावा लागला. शिक्षण झालं ते त्या पुनर्लेखनात.

आता पुण्याकडे या. 2011 साली विकिमीडिया फाउंडेशनने भारतातला आपला पथदर्शी शिक्षणप्रकल्प पुण्यात सुरू केला. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा विषयांच्या शेकडो विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायला सांगितलं. मदतीला स्वयंसेवक नेमले होते. आणि झालं काय? पाठ्यपुस्तकांतून, संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर मोठ्या प्रमाणावर कोशात येऊन पडला. प्रताधिकाराचा भंग झाला. तो मजकूर शोधून काढून टाकण्याचं काम जगभरच्या बिनपगारी संपादकांच्या गळ्यात पडलं, आणि वर्ष संपण्याआधीच प्रकल्प थांबवावा लागला.

यावर सोपी प्रतिक्रिया म्हणजे, आपली मुलं चोर आहेत. ही प्रतिक्रिया अन्यायाची आहे आणि आळशीपणाचीही. ज्या मुलाने बारावीपर्यंत फळ्यावरचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं, कॉलेजात मागच्या वर्षीच्या जर्नलवरून जर्नल पूर्ण केलं, आणि गाइडमधल्या शब्दांत उत्तर लिहिलं म्हणून ज्याला पूर्ण गुण मिळाले, त्याला आपण उतरवणं हाच अभ्यास म्हणून शिकवलं आहे. पुस्तकातलं वाक्य बदललं तर गुण जातील, ही भीती त्याला आपण घातली. मग एके दिवशी त्याला कोशासमोर बसवलं आणि म्हटलं, आता स्वतःच्या शब्दांत लिही. तो कुठून लिहिणार?

इथे न्यायदर्शनातला एक विचार मला उपयोगी वाटतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आता आप्त कोण? वात्स्यायनांच्या भाष्यात याचं जे स्पष्टीकरण आहे त्याचा आशय असा : ज्याला ती वस्तू खरोखर कळलेली आहे, आणि जशी कळली तशी दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. अटी दोनच. कळलेलं असणं आणि सांगण्याची इच्छा असणं. पुढे भाष्यकार असंही म्हणतात, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू पडतं. म्हणजे अधिकार पदवीतून येत नाही, कुळातूनही येत नाही. या न्यायाने एकोणीस वर्षांची विद्यार्थिनीसुद्धा एखाद्या गोष्टीबाबत आप्त ठरू शकते. 'पोरांच्या हाती कोश नको' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

पण याच दोन अटी लावून गुणांसाठी लिहिलेला लेख तपासा. मजकूर उचलला, तर पहिली अट गेली. कळण्याची गरजच उरली नाही. आणि गुणांसाठी लिहिला, तर दुसरी गेली. इच्छा आहे, पण ती सांगण्याची नाही, मिळवण्याची आहे. वाचक म्हणून समोर प्राध्यापकच उभा आहे. खरा वाचक, ज्याला काहीच माहीत नाही, तो नजरेतही नाही. पुण्यात उचलेगिरी दिसली म्हणून सगळे तिच्याबद्दल बोलले. पण समजा सगळ्यांनी शब्द बदलून लिहिलं असतं, तरी दुसरी अट मोडलेलीच राहिली असती, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नसती. आज तर यंत्राकडून लेख लिहून घेता येतो. त्यात उचललेलं वाक्य सापडणार नाही, आणि कळलेलंही काही असणार नाही.

कोणी म्हणेल, सर, कोशात स्वतःचं काही लिहायचंच नसतं. मग विद्यार्थ्याला विचार करायला कुठे वाव आहे? आक्षेप रास्त आहे. विकिपीडियाचा नियमच आहे, की स्वतःचं संशोधन, स्वतःचा निष्कर्ष तिथे चालत नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तर ही मोठीच अडचण. पण एक उदाहरण घ्या. विषय चार्वाक. विद्यार्थी लिहितो, चार्वाकांचं मत असं असं होतं. लगेच प्रश्न येतो : कशावरून? मग कळतं की चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त चार्वाकमत दिलं आहे खरं, पण तो ग्रंथ वेदान्ती परंपरेतला आहे. म्हणजे प्रतिपक्षाने मांडलेला पूर्वपक्ष आपण चार्वाकांच्या तोंडी घालतो आहोत. दुसरीकडे जयराशी भट्टांचा 'तत्त्वोपप्लवसिंह', जो 1940 साली बडोद्याहून छापून आला. पण जयराशींना चार्वाक म्हणावं का, यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. मराठीत सदाशिव आठवले यांचं पुस्तक आहे, आ. ह. साळुंखे यांचं आहे. दोघांची मांडणी शेजारी ठेवून वाचावी लागते. आता 'चार्वाकांचं मत असं होतं' या वाक्याच्या जागी 'अमुक ग्रंथात चार्वाकांचं मत असं दिलं आहे' हे वाक्य येतं. एवढ्या एका बदलासाठी जो विचार लागतो, तो आमच्या प्रश्नपत्रिकेत मला क्वचितच दिसला. तेव्हा कोशलेखन निबंधाची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य. निबंध वेगळा लिहून घ्यावा. पण मत मांडण्याआधी पुरावा किती भार पेलतो हे पाहण्याची सवय कोशलेखन लावू शकतं.

मराठीत हा प्रश्न जास्त गंभीर होतो. आपल्याला कोशांची परंपरा मोठी आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला विश्वकोश आहे. विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. चूक झाली तर कोणाला विचारायचं ते माहीत असतं. मराठी विकिपीडिया 2003 सालापासून आहे. तिथे लेखाखाली नाव नसतं, त्याऐवजी 'इतिहास' असतो. कोणी कधी काय बदललं, त्याची नोंद. ही व्यवस्था चांगली आहे, पण तो इतिहास वाचणारं, चूक दुरुस्त करणारं माणूस तिथे असेल तरच. इंग्रजीत शंभर कच्चे लेख आले तर बहुतेक पकडले जातात; पुण्याच्या वेळी पकडले गेलेच. मराठीत संपादक मोजके. इथे यंत्राने भाषांतर केलेले शंभर लेख आले, तर ते वर्षानुवर्षं तसेच राहू शकतात. मग कोणीतरी त्यावरून वर्तमानपत्रात लिहितो, आणि पुढे त्याच लेखाला संदर्भ म्हणून ते वर्तमानपत्र जोडलं जातं. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. अ ला आधार ब चा आणि ब ला आधार अ चा. प्रत्यक्षात आधार कोणालाच नाही.

आणखी एक मुद्दा, ज्याकडे उत्साही प्राध्यापकांचं लक्ष जात नाही. विकिपीडियावर लेख प्रकाशित करताना लिहिणारा तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा करतो. पुढे कोणीही तो वापरू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो. स्वेच्छेने केलं तर हे दान आहे. पण वीस गुणांची भीती घालून करून घेतलं, तर त्याला दान म्हणता येईल का? विद्यार्थ्याचं लेखन सार्वजनिक करण्याचा अधिकार प्राध्यापकाला कोणी दिला?

मग करायचं काय? माझ्या सूचना साध्या आहेत. मराठी विकिपीडियावर सरावाच्या जागेला 'धूळपाटी' म्हणतात. फार सुंदर शब्द आहे. पूर्वी मुलं धुळाक्षरं गिरवायची, चुकलं की हाताने पुसायची. गुण द्यायचे ते धूळपाटीवरच्या कामाला द्यावेत. तिथून लेख मुख्य कोशात न्यायचा की नाही, हे विद्यार्थ्याने ठरवावं, आणि त्या निर्णयाला एकही गुण नसावा. नवा लेख लिहायला सांगूच नये. आधी जुन्या लेखातलं 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं एक वाक्य द्यावं आणि म्हणावं, याचा आधार शोध. सापडला नाही तर चर्चापानावर तसं लिही. ज्या पुस्तकाचा संदर्भ दिला ते पुस्तक हातात घेऊन तोंडी परीक्षेला यायला सांगावं. ते पान उघडून दाखवता आलं तर पहिली अट पूर्ण झाली. वर्ग लहान असावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्राध्यापकाने आधी स्वतः एक लेख लिहावा. एखाद्या अनोळखी माणसाने आपलं वाक्य पुसून टाकल्याचा अनुभव ज्याने घेतला नाही, त्याने विद्यार्थ्यांना तिथे पाठवू नये.

यातून लेखांची संख्या फारशी वाढणार नाही. वर्षाअखेरीच्या अहवालात लिहायला मोठा आकडा मिळणार नाही. तीस विद्यार्थ्यांच्या वर्गातून कदाचित तीस वाक्यांना आधार मिळेल आणि पाच-सहा खोटी वाक्यं कोशातून जातील. पण उद्या कुठल्यातरी गावातली एखादी मुलगी मोबाइलवर तो लेख उघडेल, तेव्हा तिथे लिहिलेलं कोणीतरी वाचून, समजून लिहिलेलं असेल. तिला गुण द्यायचे नाहीत, तिला फक्त जाणून घ्यायचं आहे. तिच्यासाठी लिहायला शिकवता येत असेल, तरच हा उद्योग करावा.