लिटमस निळा झाला, म्हणून दिवा लागला?

बीड जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा. त्याच्या भेगांतले विहिरी-बोअरचे पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असते. लाल लिटमस त्यात निळसर होतो. दोन तारा बुडवून बॅटरी जोडली की छोटा एलईडी मंद उजळतो. हे एकाच तासात दाखवून ‘पाणी अल्कधर्मी, म्हणून वीज वाहते’ असे फळ्यावर लिहिले जाते. प्रयोग चांगला, निष्कर्ष चुकीचा.

हा समज होण्याला कारण आहे. हायड्रॉक्साइड आयन चपळ खरा. २५ अंश सेल्सिअसला सोडियमची मोलर वाहकता ५० धरली, तर त्याची १९८. तो शेजारच्या पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन घेतो आणि तो रेणूच हायड्रॉक्साइड बनतो. भार असा हातोहात पुढे जातो. अशा साखळीची कल्पना ग्रोटहुस यांनी १८०६ मध्ये मांडली.

पण नुसती चपळाई पुरत नाही, संख्याही लागते. पाण्याचा सामू ८ असेल, तर लिटरमध्ये हायड्रॉक्साइड मोलच्या दहा लाखाव्या भागाइतकाच. त्याचा वाटा दर सेंटिमीटरला ०.२ मायक्रोसीमेन्स. त्याच पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल, तर त्याचा वाटा सुमारे २००. म्हणजे दिवा लागतो तो बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड यांच्यामुळे.

दुसरी उणीव म्हणजे विसरणाचा धडा यापासून तोडला जातो. विजेच्या ओढीने सोडियम आणि हायड्रॉक्साइड विरुद्ध दिशांना जातात. पण कॉस्टिक सोडा पाण्यात आपोआप पसरतो तेव्हा हायड्रॉक्साइड पुढे पळू लागताच सोडियमचा धनभार त्याला मागे ओढतो. दोघे मधल्या वेगाने जोडीने सरकतात. आयन तेच, वागणे निराळे. दोन्ही धडे शेजारी ठेवले तरच हे मुलांच्या लक्षात येईल.

सुधारणा सोपी आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात चिमूटभर मीठ टाका. लिटमस बदलत नाही, दिवा लागतो. मग मुलांनाच विचारा: भार कोण वाहतो, आणि ते किती आहेत?

हा प्रश्न वर्गापुरता नाही. टीडीएस मीटरही वाहकताच मोजतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. ते २ झाले, तरी वाहकतेत त्याचा वाटा जेमतेम ६ मायक्रोसीमेन्स. मीटरवरचा आकडा कमी दिसला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही, हे मुलांना शाळेतच कळायला हवे.