तिफनीचं गाणं कोणाचं?

शाळेचं स्नेहसंमेलन असो की पोळ्याचा कार्यक्रम, अकोला-अमरावतीकडे ‘काळ्या मातीत मातीत’ सुरू होण्याआधी निवेदक बरेचदा सांगतो, ‘आता एक लोकगीत.’ त्याला कोणी टोकत नाही. हे गाणं 1981च्या ‘अरे संसार संसार’ चित्रपटातलं आहे. शब्द अकोला जिल्ह्यातले कवी विठ्ठल वाघ यांचे, संगीत अनिल-अरुण यांचं, आवाज सुरेश वाडकर आणि अनुराधा पौडवाल यांचे. चित्रपटाचं नाव खानदेशच्या बहिणाबाईंच्या ओळीवरून आलेलं, शब्द वऱ्हाडातले आणि वाद्यमेळ मुंबईचा. इतक्या ठिकाणांहून गोळा झालेलं गाणं लोकांनी ‘आपल्या मातीतलं’ म्हणून ठेवून घेतलं.

अस्सलतेचा आग्रह धरणारे इथे भुवया उंचावतात. वाघांच्या कवितासंग्रहाचं नाव ‘काया मातीत मातीत’ आहे. वऱ्हाडी जिभेवर ‘ळ’चा ‘य’ होतो. ध्वनिमुद्रिकेत तो परत ‘ळ’ झाला. ज्यांनी गाणं गायलं त्यांच्यापैकी वऱ्हाडचं कोणी नाही. मग यात वऱ्हाडी राहिलं काय?

राहिली ती कामाची वाटणी. पहिल्याच कडव्यात बैलजोडी हाकणारा सदाशिव आहे आणि सोबत पोटाला ओटी बांधून चालणारी पार्वती आहे. तिफन, म्हणजे पेरणीचं तीन दात्यांचं अवजार, चालवणं एकट्या गड्याचं काम नाही. तो जोडी सांभाळतो, तास सरळ ठेवतो. मागून चालणारी बाई ओटीतलं बियाणं मुठीनं चाड्यात, म्हणजे तिफनीच्या वाटीत, सोडत जाते. मूठ आखडली तर पीक विरळ, सैल पडली तर दाट. पेरा कसा उगवेल हे तिच्या बोटांवर ठरतं. कवीनं कैलासावरचं जोडपं शेतात आणलं ते पूजेला बसवण्यासाठी नव्हे, कामाला लावण्यासाठी. बीजानं भरलेली ओटी पोटाशी बांधलेली बाई आणि बी पोटात घेणारी जमीन, ही दोन्ही चित्रं एकमेकींत मिसळतात, पण कवी ते समजावत बसत नाही. पुढे माती न्हातीधुती होते तेव्हा ते आपसूक कळतं.

जाणता शेतकरी एक हरकत घेईल. इथली काळी जमीन ओली झाली की दात्यांना धरून बसते. वापसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, आल्याशिवाय तिफन चालत नाही. गाण्यात मात्र वीज नाचते आहे, ढग ढोलकरी झाले आहेत, सरीमागून सरी येताहेत आणि पेरणीही सुरू आहे! वऱ्हाडी बोलीचा अभ्यास केलेल्या या कवीला वापसा ठाऊक नसेल, हे शक्य नाही. पावसाची वाट, पहिला सडा, मातीचा वास आणि पेरणी हे सगळे दिवस त्यानं एका तासात गुंफले आहेत. शेताची रोजनिशी म्हणून हे चूक, मृगातल्या मनाची अवस्था म्हणून अचूक. तिफन चालण्याची पुन्हापुन्हा येणारी ओळही बांधावरून वळून परत नव्या तासाला लागणाऱ्या जोडीसारखी आहे.

पुढच्या काळात गाण्यावर दुसरा आक्षेप आला. 2006 साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. अमरावती आणि अकोला त्यांत होते. 2009 मध्ये सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’नं पावसावर विसंबलेल्या शेतकऱ्याची होरपळ पडद्यावर आणली. त्यानंतर या गाण्यातली राघू-मैनेची पेरणी अनेकांना गुळगुळीत वाटू लागली. कर्ज आणि बाजारभाव या गाण्याच्या शिवाराबाहेर आहेत, हे खरंच आहे. पण झाडाला झोळी टांगून राबणाऱ्या आईचं कडवं नीट ऐका. तिथे लेकराला राखायला माणूस नाही, नुसती झाडाची सावली आहे. चाल इतकी नाचरी की हे कष्ट कानावरून निसटतात. तो दोष ऐकणाऱ्याचा अधिक, कवीचा कमी.

लोकमत असंच बदलत राहतं. 1965 साली अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायक-गीतकार बॉब डिलननं इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली म्हणून श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. 2016 साली त्याच डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं. आपल्या गाण्याला आधी सिनेमाचं, मग लोकगीत, मग भाबडं अशी बिरुदं लागली. गाणं होतं तिथेच आहे.

गायकाचं गाव किंवा एखादं अक्षर पाहून गाण्याचा खरेपणा मोजू नये. राबणारा हात कुठे असतो हे कवीला माहीत आहे का, ते पाहावं. या कसोटीवर ‘काळ्या मातीत मातीत’ पक्कं वऱ्हाडी ठरतं. लोकगीत म्हणवलं जाणं हा कवीचा सन्मान खरा, पण त्यात त्याचं नाव हरवू नये. म्हणून पुढच्या वेळी हे गाणं सादर करताना निवेदकांनी एवढंच करावं: आधी विठ्ठल वाघांचं नाव घ्यावं.