धर्मग्रामाचा इतिहास लिहिताना

वसईकडील एखाद्या धर्मग्रामाची जयंती-स्मरणिका हाती आली की आम्ही प्रथम प्रमुख धर्मगुरूंची यादी चाळतो. आमचे नाव त्यात कोठे आहे हे पाहण्याचा मोह आम्हांलाही आवरत नाही. यादीपुढे बांधकामांचा पाढा असतो: अमक्या साली मनोरा, तमक्या साली शाळा, मग सभागृह. वास्तूंची जंत्री म्हणजे इतिहास नव्हे, असे आमचे मत झाले आहे.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. बहुतेक लेखक या दोन सनांमध्ये एक वैभवशाली परिच्छेद लिहितात आणि थेट विसाव्या शतकात उडी घेतात. मधली दीडदोनशे वर्षे कोरी! वास्तविक आपल्या श्रद्धेची कसोटी तेथेच लागली. राजसत्ता गेली, किल्ल्यातील मठ ओस पडले. तरी गावोगावचे शेतकरी-बागायतदार ख्रिस्ती राहिले आणि गोव्याकडील देशी धर्मगुरूंनी त्यांचा सांभाळ केला. त्यांच्याविषयी ओळही नसावी, हा दोष लहान नाही. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत कोरीव थडगी आहेत. त्यांवर सरदारांची नावे आहेत, चिरे वाहणाऱ्यांची नाहीत. आमच्या स्मरणिका देणगीदारांच्या याद्या छापून तीच परंपरा चालवतात.

वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, एक घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूसह पवित्र मारिया आणि १७०७ हा सन आहे. ती वसई मोहिमेतून आली असे मानतात. आमचे लेखक तिच्यासाठी हळहळतात. पण पवित्र वस्तू विकल्या वा गमावल्या जाऊ नयेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने १९६३ मध्ये बजावल्यानंतर आपणच किती वेद्या मोडल्या? आम्हीही एका धर्मग्रामात जुनी सागवानी वेदी काढून ग्रॅनाइट बसवले. ते लाकूड कोणी नेले, हे आज आम्हांस सांगता येत नाही. मेणवलीची घंटा निदान कोठे आहे ते ठाऊक आहे.

चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेचे ५३५ वे कलम जुन्या नोंदवह्या जपण्याची जबाबदारी धर्मगुरूवर टाकते. बाप्तिस्म्याच्या वहीत आईबाप असतात, धर्ममातापिता असतात. इतिहासकाराने सुरुवात तेथून करावी. मात्र ते कपाट पावसाळा संपल्यावर उघडावे. दमट हवेत पाने एकमेकांना चिकटलेली असतात, आणि घाईने सोडवली की एका पानावरची शाई दुसऱ्यावर जाते.