धुके आणि धुई

कवितेत ‘धुके’ आले की आपले समीक्षक लगेच हळवे होतात. गूढता, विरह, स्वप्निलता! आमच्या बारामती तालुक्यातील कन्हेरीच्या शिवारात त्याला धुई म्हणतात. हरभरा फुलात असताना धुई पडली की फुलोरा गळाल्याची बोलणी बांधावर सुरू होतात. पीक बुडाले की काढणीची मजुरीही बुडाली. त्यात गूढ काही नाही.

धुई हा शब्द संस्कृत ‘धूमिका’पासून आला, म्हणजे धुराच्या कुळातला. चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बाईला हे नाते कोशाशिवाय कळते. ‘नीहार’ मात्र सोवळ्यात मिरवतो. पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८२ व्या सूक्ताची शेवटची ऋचा पाहा. तिथे सूक्ते म्हणणारेच नीहाराने वेढलेले आणि बडबडीत गुरफटलेले दाखविले आहेत! सत्य झाकणारा पडदा, हा नीहाराचा जुना अर्थ. तो ऋषी आणि आमची मजूरबाई, दोघांनाही धुक्यात आडकाठीच दिसली. ते तलम वाटले आपल्या सौंदर्यवाद्यांना. (त्यांना त्यात खुरपे घेऊन उतरायचे नव्हते.)

माझी तक्रार आपल्या नव्या कवींविषयीही आहे. गावकुसाबाहेरून आलेली ही पोरे ‘धुके’ लिहितात. ‘धुई’ लिहायला लाजतात. तो शब्द अडाणी वाटतो म्हणे.